जाहिरातीतील उघडा देह आणि छापखान्याची युक्ती

युरोपातील जुन्या पोस्टरांत कित्येकदा बिनकपड्यांचा पुरुष दिसतो. आपल्या लोकांना ते खटकते. तेथील चित्रशाळांत नग्न मॉडेल समोर ठेवून मनुष्यदेह शिकवत, आणि ताकद किंवा नवेपणा दाखवायचा तर ग्रीक पुतळ्यांसारखा पुरुष काढायचा, असा रिवाज पडला होता. पण तेथेही हे सर्वांना पटत होते असे नाही.

१८९८ साली व्हिएन्ना शहरात गुस्टाव क्लिम्ट आणि त्याचे सोबती जुन्या चित्रकार संघटनेतून फुटले होते. त्यांच्या पहिल्या प्रदर्शनाचे पोस्टर क्लिम्टने काढले. त्यात ग्रीक वीर थीसियस बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारतो आहे. वीर म्हणजे नवे चित्रकार, राक्षस म्हणजे जुनी मंडळी. वीर पूर्ण नग्न होता, म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली. नव्या संघटनेचे पहिलेच प्रदर्शन. पोस्टरच अडले तर शहराला खबर कशी लागणार?

क्लिम्टने चित्र रद्द केले नाही. वीराच्या पुढे झाडांचे काळे बुंधे छापून घेतले. ज्यांनी उर्दू कातिबांच्या जमान्यातील शिळाप्रेस पाहिला आहे त्यांना ही युक्ती लगेच समजेल. रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, आणि काळा रंग इतर रंगांना झाकतो. नुसती काळी पट्टी मारली असती तर उलट प्रत्येकाची नजर तेथेच गेली असती. झाडामुळे लढाई जंगलात चालली आहे असे वाटते. प्रदर्शनाला सुमारे ५७,००० लोक आले.

व्हिएन्नात झाकण नंतर आले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकच्या पोस्टरात ते आधीपासूनच होते. ओले ह्यॉर्ट्सबर्ग या चित्रकाराने झेंडे फिरवणारे नग्न खेळाडू काढले, कारण प्राचीन ग्रीसमध्ये खेळाडू तसेच उतरत. पुढच्या खेळाडूच्या कमरेवरून एक फीत नेऊन लाज राखली. मजकूर सोळा भाषांत छापला, पण चित्र सर्व देशांना एकच पाठवले. परदेशी गिऱ्हाइकांसाठी लेबले आणि कॅलेंडरे छापणाऱ्या बंधूंनी येथे जरा थांबावे. स्वीडनला पुरेशी वाटलेली ती फीत सगळीकडे पुरली नाही. हॉलंडमध्ये रेल्वे स्टेशनांवरून पोस्टर अश्लील म्हणून काढण्यात आले, आणि चीनमध्ये ते तेथील मर्यादेच्या कल्पनेला सोडून असल्याचे ठरले.