संगणकातील विस्तार-खाचा : वेग आणि मेळ

अकोले तालुक्यातील राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून या प्रकल्पाअंतर्गत आश्रमशाळा चालविल्या जातात. अशा भागात शाळेत किंवा ग्रामपंचायतीत आलेला संगणक पुष्कळ वर्षे राबवावा लागतो. पावसाळ्यात वीज कडाडून त्याचा नेटवर्क पोर्ट निकामी झाला, की नव्या संगणकाची मागणी नोंदविली जाते. वास्तविक अनेकदा काही शे रुपयांचे एक कार्ड बसविल्याने काम भागते. मात्र ते कार्ड कोणत्या खाचेत बसेल व तेथे किती वेगाने चालेल, हे खरेदीपूर्वीच पाहावयास हवे. एरवी कार्ड कपाटात पडून राहते आणि संगमनेरची खेप फुकट जाते.

मदरबोर्डवरील या लांबट खाचांना स्लॉट म्हणतात. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकातही त्या होत्या. पुढे १९९२ मध्ये इंटेलने पुढे आणलेल्या पीसीआय पद्धतीत सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइट माहिती जाऊ शके. पण हा वेग सर्व खाचांना मिळून होता. अरुंद घाटात एस.टी., ट्रक आणि बैलगाडी यांनी एकमेकांसाठी खोळंबून राहावे, तसाच हा प्रकार. या शतकाच्या आरंभी आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसने प्रत्येक खाचेला स्वतंत्र मार्गिका दिल्या. एका मार्गिकेवरून प्रत्येक दिशेने सेकंदाला पहिल्या पिढीत २५०, दुसऱ्या पिढीत ५००, तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५ आणि चौथ्या पिढीत सुमारे १,९७० मेगाबाइट माहिती जाते. खाचेत अशा १, ४, ८ किंवा १६ मार्गिका असतात.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे नव्या-जुन्याचा मेळ. तिसऱ्या पिढीचे कार्ड दुसऱ्या पिढीच्या खाचेत सामान्यतः चालते. दोघांपैकी कमी असलेला वेग ठरतो, एवढेच. आखूड कार्ड लांब खाचेत बसते. लांब कार्ड मात्र शेवट बंद असलेल्या आखूड खाचेत बसत नाही. जुने पीसीआय कार्ड तर पीसीआय एक्स्प्रेसच्या कोणत्याच खाचेत बसत नाही. दोन्ही नावांतील साम्याने येथेच फसगत होते.

आता नेटवर्क कार्डाचा हिशेब पाहू. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. पहिल्या पिढीची एकच मार्गिकाही त्यास पुरते. त्यामुळे महाग, अधिक मार्गिकांचे कार्ड घेण्याचे कारण उरत नाही. साठवणुकीच्या वेगवान एनव्हीएमई चकतीची गोष्ट निराळी. तिला साधारणतः चार मार्गिका लागतात. शिवाय जुन्या मदरबोर्डवर खाचेतून ती चालली, तरी तिच्यावरून संगणक सुरू होईलच असे नाही. अशा यंत्रास साधी साटा जोडणीची एसएसडी घेणे शहाणपणाचे.

खाचेची लांबी पाहून मात्र निष्कर्ष काढू नये. सोळा मार्गिकांएवढी लांब दिसणारी खाच आत केवळ चार मार्गिकांचीच असू शकते. काही मदरबोर्डांवर एक जागा वापरली, की दुसरी खाच बंद पडते. ही माहिती मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेली असते. पुस्तिका हरवली असल्यास मदरबोर्डवर छापलेल्या क्रमांकावरून ती निर्मात्याच्या संकेतस्थळावर मिळते. कार्यालयांतील सडपातळ पेटीच्या संगणकासाठी कमी उंचीची पट्टी असलेलेच कार्ड मागवावे. मागणीपत्रात मदरबोर्डचा क्रमांक, मोकळ्या खाचेचा प्रकार आणि पेटीची उंची या तीन गोष्टी लिहिल्या, तर दुकानदारालाही अंदाजाने कार्ड देण्याची वेळ येत नाही.