यंत्राचा अंगठा

लिहिता-वाचता न येणारी माणसे कागदावर सहीऐवजी अंगठा उमटवतात, हे तुम्ही पाहिले असेल. तो अंगठा का चालतो बरे? कारण एकाचे ठसे दुसऱ्याच्या ठशांशी जुळत नाहीत. १८९७ साली कोलकाता येथे ठशांची नोंद ठेवणारी कचेरी सुरू झाली. तेथे काझी अजीजुल हक व हेमचंद्र बोस या अधिकाऱ्यांनी हजारो ठशांतून हवा तो ठसा चटकन शोधण्याची पद्धत बसवली.

माणसाला ठसे असतात. मग यंत्राला असतात का? असतात! मात्र ते शाईने उमटत नाहीत.

मोबाइलवर आपण एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा त्या संकेतस्थळाला मोबाइलविषयी काही गोष्टी कळतात. त्याचा पडदा केवढा आहे, भाषा कोणती आहे, घड्याळ कोणत्या देशाचे आहे, अक्षरांचे कोणते प्रकार त्यात आहेत. यांतील एकेक गोष्ट लाखो यंत्रांत सारखी असते; पण साऱ्या एकत्र केल्या, की ओळख पटते. 'कड्याचा मुलगा' म्हटले तर कितीतरी मुले पुढे येतील. 'कड्याचा, नववीतला, चष्मा लावणारा, डावखुरा मुलगा' म्हटले तर एखादाच उरेल. २०१० साली अमेरिकेत सुमारे पावणेपाच लाख ब्राउझर तपासले गेले. त्यांतील शेकडा ८३ हून अधिक ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही.

याचा उपयोग काय? समजा, आष्टी तालुक्यातील कडा गावच्या एका शेतकऱ्याचे कांद्याचे पैसे बँकेत जमा झाले. त्याच रात्री कोणीतरी दूरच्या शहरातून त्याचे खाते उघडू पाहतो. चोराने पासवर्ड मिळवलेला आहे. पासवर्ड बरोबर, पण यंत्राचा ठसा अनोळखी! बँकेचा संगणक सावध होतो आणि आणखी पुरावा मागतो. शेतकऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो चोराला ठाऊक नसतो. पैसे वाचतात.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्येही यंत्राची ओळख ठेवतात. नोंदणीच्या वेळी तुमच्या मोबाइलमधूनच एक संदेश जातो आणि मोबाइल व सिमकार्ड यांची जोडी बांधली जाते. म्हणून नवा मोबाइल घेतला, की पुन्हा नोंदणी करावी लागते.

पण हा ठसा बोटाच्या ठशासारखा पक्का नाही. मोबाइलमध्ये सुधारणा झाली, की तो बदलतो. एकाच बनावटीच्या दोन मोबाइलांचा ठसा सारखाही निघू शकतो. शिवाय जाहिरात करणारे याच ठशाने आपला माग काढतात. म्हणून एकट्या ठशावर भिस्त ठेवत नाहीत.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. शेतकऱ्याने तो ओटीपी फोनवर चोराला सांगितला असता, तर? मग यंत्राची सारी हुशारी वाया गेली असती. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो देण्यासाठी. हे घरी अम्मी-अब्बांना, आजी-आजोबांना जरूर सांगा. कुलूप कितीही मजबूत असले, तरी किल्ली आपल्याच हातात असते.

स्वाध्याय
१. यंत्राचा ठसा कोणकोणत्या गोष्टींवरून तयार होतो?
२. पासवर्ड बरोबर असूनही बँकेचा संगणक सावध का झाला?
३. 'किल्ली आपल्याच हातात असते' याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.