हसतेयस कोणाला?

चि. मुक्तास,


तुझ्या विडंबन-एकांकिकेची संहिता वाचली. दुसऱ्या प्रवेशाला मनापासून हसलो. आता तुझ्यातल्या दिग्दर्शिकेला वकील मामाचं थोडं ऐकावं लागेल.

‘आपण पैसे घेत नाही, मग कॉपीराइट कसला?’ हे ग्रुपमध्ये ज्याने सांगितलं त्याचं ऐकू नकोस. पैसे न घेतल्याने बाजू थोडी सावरते, सुटका होत नाही.

आपल्या 1957च्या कायद्यात विडंबनाला वेगळी सूट नाही. कलम 52 मध्ये टीका-समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, तिच्याच आडोशाला विडंबनाने उभं राहायचं. केरळात तोप्पिल भासींच्या ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ या गाजलेल्या नाटकाला सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं. मूळ पात्रं घेतली, प्रसंग घेतले, आणि त्यांच्याच तोंडून मूळ नाटकाला जाब विचारला. प्रकरण कोर्टात गेलं. 1996 साली केरळ उच्च न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या: किती उचललं, कशासाठी उचललं, आणि मूळ नाटकाचा प्रेक्षक प्रतिनाटक पळवेल का. उच्च न्यायालयाने प्रयोगावर मनाई काही ठेवली नाही.

तुझा दुसरा प्रवेश या जातीचा आहे. मूळ नायकाचा बडेजाव तू त्याच्याच वाक्यांनी उतरवतेस. फक्त वाक्यं जरा कमी कर. शेवटचं गाणं मात्र मला खटकलं. चाल जशीच्या तशी, वर विकतचा ट्रॅक, आणि शब्द कँटीनच्या वड्यावर! त्या गाण्याबद्दल तुला काहीच म्हणायचं नाही, नुसती आयती चाल हवी आहे. शिवाय शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. गॅदरिंगमध्ये विद्यार्थ्यांनी, आपल्याच कॉलेजच्या लोकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायदा सवलत देतो. यूट्यूबवर टाकलंस की ती सवलत संपली.

अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ एकदा नीट वाच. कवीची लकब कशी पकडायची ते तिथे कळेल, आणि लकबीवर कुणाची मालकी नसते.

पुलंच्या नारायण या पात्राला व्हॉट्सॲपच्या जमान्यात आणायची तुझी पुढची कल्पना झकास आहे. पण पुलं 2000 साली गेले. मृत्यूनंतरची 60 वर्षं धरली तर त्यांचे हक्क 2060 अखेरपर्यंत चालतात. हक्कधारकांना आधी पत्र टाक, मगच लिहायला बस.

गाण्याला तुमच्या पेटीवाल्याकडून नवी चाल लावून घे आणि सुधारलेली संहिता पाठव.

तुझा,
मामा