मातीचे देणे

पिंपरी-चिंचवडहून नाशिकच्या रस्त्याने चाकणकडे निघाले, म्हणजे भोसरी व मोशी मागे पडल्यावर इंद्रायणीचा पूल लागतो. या भागात कारखाने पुष्कळ झाले आहेत. तरी त्यांच्या आसपास अजूनही कोठे कांद्याची, तर कोठे बटाट्याची शेते दिसतात. नदीकाठची जमीन काळी व खोल आहे. टेकड्यांच्या पायथ्याची जमीन भुरकट, उथळ व मुरमाड आहे. दोन्ही मातींचा जन्म एकाच काळ्या पाषाणातून झाला; पण सख्ख्या भावंडांचे स्वभाव जसे निराळे असतात, तसेच या मातींचेही आहे.

मुरमाड माती उधळ्या हाताची. पावसाचे पाणी तिच्यातून झरझर खाली जाते व जाताना पिकाचे अन्नही विरघळवून नेते. काळी माती हात आखडणारी. तिचे अतिशय बारीक कण पाण्याने फुगतात व एकमेकांस घट्ट चिकटतात. मग पाणी वर साचते आणि मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात हीच माती आकसते व तिला खोल भेगा पडतात.

मौज अशी, की या दोन परस्परविरुद्ध दोषांवर औषध मात्र एकच आहे. ते म्हणजे चांगले कुजलेले कंपोस्ट खत.

मुलांनो, याची खात्री तुम्हांला शाळेतच करून घेता येईल. तळाशी छिद्र असलेल्या चार कुंड्या घ्या. दोहोंत मुरमाड व दोहोंत काळी माती भरा. प्रत्येक जोडीतील एका कुंडीत चार भाग मातीस एक भाग खत मिसळा. सर्व कुंड्या महिनाभर ओलसर ठेवा. नंतर प्रत्येकीत तांब्याभर पाणी ओता. खत घातलेली मुरमाड माती अधिक पाणी धरून ठेवील. खत घातलेल्या काळ्या मातीत मात्र पाणी लवकर मुरेल.

असे का व्हावे? कुजलेला पाला स्पंजाप्रमाणे पाणी शोषतो. मुरमाच्या जाड कणांमधील पोकळीत बसून तो ओल राखतो. काळ्या मातीत खतावर जगणारे सूक्ष्म जीव चिकट द्रव्ये तयार करतात. त्यांच्या योगाने बारीक कणांचे रवे बनतात व रव्यांमधून हवा-पाणी खेळू लागते. मात्र खत पुरते कुजलेले हवे. कच्चा काडीकचरा शेतात गाडला, तर तो कुजवणारे जीव मातीतील नत्र स्वतःच घेतात आणि पीक पिवळे पडते.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे खत कुजवण्याची शास्त्रशुद्ध रीत बसवली. काडीकचरा, शेण व माती यांचे थर देऊन, ओल राखून, ढीग वेळोवेळी उलथावयाचा, ही ती 'इंदूर पद्धत'. १९३१ साली त्यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्याविषयी ग्रंथ लिहिला. उकिरड्यात वाया जाणारे सत्त्व शेतास परत मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे येथे कारखाने वाढले, वस्ती वाढली. चाकणच्या बाजारातील कांदा-बटाटा शहरातील घरोघरी शिजतो. परंतु त्याची साले, देठ शेतात परत जातातच असे नाही. त्यांत काच, प्लास्टिक व निकामी बॅटऱ्या मिसळल्या, की तो कचरा खताच्या कामाचा उरत नाही. काच कुजत नाही. बॅटरीतील विषारी धातू एकदा मातीत उतरले, की ते काढणे फार कठीण होते.

म्हणून ओला व सुका कचरा निराळा ठेवणे हे केवळ टापटिपीचे काम नव्हे. आपण खातो तो प्रत्येक घास मातीकडून घेतलेला आहे. त्या देण्याची फेड स्वयंपाकघरातील ओंजळभर सालांपासून सुरू होते.

स्वाध्याय
१. लेखकाने मुरमाड मातीस 'उधळ्या हाताची' का म्हटले आहे?
२. एकच खत दोन मातींवर निरनिराळा परिणाम कसा करते?
३. तुमच्या घरच्या ओल्या कचऱ्याचे पुढे काय होते, याची चौकशी करून दहा ओळी लिहा.