आजीची वाकळ

(चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपली शेवटच्या वर्षाची कलाकृती कशी घडली, हे या पाठात सांगितले आहे. घरातील साधी वस्तू कलेचा विषय कशी होते आणि ज्यांची नावे कोठेही लिहिली गेली नाहीत, त्यांचे काम कसे ओळखावे, हे तिच्या अनुभवावरून कळते.)

कलाशाळेतील माझे ते शेवटचे वर्ष होते. वर्षअखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या कल्पनेने एक मोठी कलाकृती तयार करावी आणि ती प्रदर्शनात मांडावी, असा आमच्याकडे नियम होता. विषय कोणताही, माध्यमही कोणतेही. ऐकायला हे स्वातंत्र्य फार गोड वाटते. परंतु कोऱ्या कागदासमोर बसले, की त्याचेच भय वाटू लागते. दोन महिने मी रेखाटने करीत होते आणि फाडीत होते. नद्या काढल्या, किल्ले काढले, बाजारातील गर्दी काढली. हात चालत होता. मन मात्र कशातच रमत नव्हते.

एके दिवशी आमच्या बाईंनी माझी वही चाळली. शेवटचे पान उलटून त्या म्हणाल्या, "चित्रं नीटनेटकी आहेत, पण यांतलं एकही तुझं नाही. तुझ्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी नाहीशी झाली तर तुला रडू येईल?"

क्षणाचाही विचार न करता मी म्हणाले, "आजीची वाकळ."

"मग किल्ले कशाला काढतेस?" एवढेच बोलून बाई पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या.

पुष्कळ ठिकाणी जिला गोधडी म्हणतात, तिलाच आमच्या सातारा भागात वाकळ असे म्हणतात. उन्हाळ्यात शेतीची कामे थोडी हलकी झाली, की वाकळ शिवायला काढतात. वापरून मऊ झालेली सुती लुगडी आणि धोतरे धुऊन, वाळवून एकावर एक अंथरतात. सुरकुती राहू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात. मग घरातल्या व शेजारच्या बायका चारी बाजूंनी बसतात आणि जाड सुईने धावदोरा घालीत कडेकडून मध्याकडे सरकतात. वाकळ विटली, तरी ती कोणी टाकून देत नाही. तिच्यावरच दुसरे जुने लुगडे चढवून पुन्हा टाके घालतात. अशा रीतीने एका वाकळीच्या पोटात दोन-तीन पिढ्यांची वस्त्रे सुखाने नांदत असतात.

वाकळीवर काम करण्याचा माझा विचार वर्गात कळला, तेव्हा काही जण हसले. एकाने विचारले, "ही कला म्हणायची, की शिवणकाम?" त्याला उत्तर देता येईना, म्हणून मी अधिकच खिन्न झाले. बाईंनी मात्र मला ग्रंथालयात नेले आणि माझ्यासमोर दोन चित्रे ठेवली.

पहिले चित्र जुने होते. लंडन येथे १७६८ साली 'रॉयल अकॅडमी' ही कलासंस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. योहान झोफानी या चित्रकाराने १७७१-७२ मध्ये या सदस्यांचे एक समूहचित्र रंगवले. त्यात सारे पुरुष एका दालनात जमले असून समोरच्या माणसाचे रेखाटन करण्याची तयारी चालली आहे. त्या दोघी मात्र दालनात नाहीत. भिंतीवर टांगलेल्या दोन चित्रांतून त्या खाली पाहत आहेत! माणसाचा उघडा देह समोर ठेवून त्याचे रेखाटन करण्याच्या वर्गात स्त्रियांनी येणे त्या काळी अशोभनीय मानले जाई. म्हणून संस्था उभारणाऱ्या स्त्रियाही त्या वर्गात दाखवता येईनात. त्यांच्यानंतर या संस्थेचे पूर्ण सदस्यत्व निवडणुकीने मिळवणारी पहिली स्त्री, लॉरा नाइट, ही १९३६ साली आली.

दुसरे चित्र कापडाचे होते. ते फेथ रिंगगोल्ड या अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकर्त्रीचे. न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या वस्तीत १९३० साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी दम्यामुळे त्यांना पुष्कळ वेळा घरीच राहावे लागे. त्यांची आई, विली पोझी, पोशाखांची रचना करीत असे. आईच्या कपड्यांचे तुकडे आणि रंगखडू हेच त्यांचे खेळ. पुढे त्यांना चित्रकला शिकायची होती. परंतु त्यांच्या महाविद्यालयाच्या कलाशाखेत तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून त्यांनी शिक्षणशास्त्राच्या शाखेत नाव घातले आणि तेथूनच चित्रकलेचा अभ्यास केला. त्या अनेक वर्षे शाळेत मुलांना चित्रकला शिकवीत होत्या.

१९८० साली रिंगगोल्ड यांनी आपल्या आईच्या साहाय्याने पहिली गोधडी केली आणि तिच्यावर हार्लेममधील माणसांचे चेहरे रंगवले. पुढच्याच वर्षी आई निवर्तली. आपले आत्मचरित्र छापायला त्यांना प्रकाशक मिळेना; तेव्हा १९८३ पासून त्यांनी आपल्या कथा गोधड्यांवरच लिहायला आरंभ केला. मध्ये रंगवलेले चित्र, कडेला रंगीबेरंगी तुकडे आणि कापडाच्या पट्ट्यांवर लिहिलेली गोष्ट! 'टार बीच' या १९८८ सालच्या गोधडीत एक आठ वर्षांची मुलगी उन्हाळ्याच्या रात्री घराच्या गच्चीवर पडली आहे, आणि त्याच वेळी ती आकाशात पुलावरून उडतही आहे. आज ही गोधडी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. वयाची नव्वदी ओलांडून २०२४ साली रिंगगोल्ड निवर्तल्या.

बाई म्हणाल्या, "रंग, कापड, कागद, दोरा असं सारं एकत्र आणून केलेल्या कामाला मिश्र माध्यम म्हणतात. आणि स्त्रियांच्या कामाला, अनुभवाला पुरुषांच्या इतकंच मोल आहे, असं मानून केलेल्या कलेला स्त्रीवादी कला म्हणतात. यात कोणाशी वैर नाही. भिंतीवर टांगलेल्या त्या दोघींना खाली उतरवून दालनात बसायला जागा द्यायची, इतकंच."

सुटीत मी घरी गेले, ती मनाशी एक बेत ठरवूनच. आमच्या घरातील तांब्या-पितळेच्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेले आहे. मी एकेक भांडे उतरवले, नावावर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. अक्षरे कागदावर उमटू लागली. पणजोबांचे नाव, आजोबांचे नाव, आजीच्या भावाचे नाव. लग्नात आजीबरोबर आलेल्या घागरीवर तिच्या वडिलांचे नाव होते. त्या घागरीने साठ वर्षे पाणी भरणाऱ्या आजीचे नाव मात्र एकाही भांड्यावर सापडले नाही. हे सारे कागद वाकळीच्या तुकड्यांबरोबर एका मोठ्या फळीवर चिकटवायचे, असे मी योजले होते.

आजी देवळात गेलेली पाहून मी वाकळ काढली आणि तिचा एक कोपरा उसवू लागले. वीतभर टाके निघाले. वर आजीचे हिरवे लुगडे, त्याखाली आत्याच्या परकराचे फुलाफुलांचे कापड, त्याखाली आजोबांचे धोतर आणि सर्वांत तळाशी मी कधीही न पाहिलेले तांबड्या काठाचे लुगडे. मी आश्चर्याने पाहतच राहिले. इतक्यात दारात आजी उभी असलेली दिसली.

ती रागावली नाही. ती रागावली असती, तर बरे झाले असते. माझ्याजवळ बसून तिने उसवलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "फाटलेलं जोडायला वाकळ असते, पोरी. जोडलेलं फाडायला नव्हे."

माझी मान खाली गेली. ज्यांच्या कामाला मान मिळावा म्हणून मी धडपडत होते, त्यांच्याच कामाला मी न विचारता हात घातला होता. आजीच्या जागी एखादा नामवंत चित्रकार असता, तर त्याचे चित्र मी असे कापायला घेतले असते काय?

"आधी हा कोपरा शिव," आजी म्हणाली. "तुझी चित्रं मग."

चार संध्याकाळी मी तो कोपरा शिवीत होते. मला रेषा सरळ काढता येत होती. टाका मात्र सरळ पडेना. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "आजी, हे उसवून पुन्हा घालते. फारच वेडंवाकडं झालं आहे."

"राहू दे," ती म्हणाली. "कोणी घातलंय ते कळू दे." मग वाकळ उलगडून ती मला बोटाने दाखवू लागली. "हे बघ, हे लांब टाके माझ्या सासूबाईंचे. त्यांना कामाची घाई फार. हे दाट टाके माझ्या जावेचे; तिच्या टाक्यांत तांदूळसुद्धा मावायचा नाही. आणि हे मधेच मोठे, मधेच बारीक झालेत ना, ते तुझ्या आत्याचे. तेव्हा ती आठ वर्षांची होती."

मी थक्क झाले. इतके दिवस मी समजत होते, की या बायकांनी कोठेच आपले नाव ठेवले नाही. वस्तुतः ती सारी नावे वाकळीवर होती. ती वाचण्याची लिपी मलाच येत नव्हती.

त्या रात्री मी आजीला विचारले, "या कोपऱ्यात तुझं नाव घालशील?" आजी बराच वेळ गप्प बसली. ती चौथीपर्यंत शिकलेली. पुढे तिची शाळा सुटली. तरी अक्षर तिला चांगले येते. सकाळी उठून पाहते, तर माझ्या वेड्यावाकड्या टाक्यांशेजारी पांढऱ्या दोऱ्याने तीन अक्षरे घातलेली! मी ती वाचली. पण ते नाव माझ्या ओळखीचे नव्हते.

"हे कोणाचं नाव, आजी?"

"माझंच. माहेरचं. लग्नात बदललं ना, तेव्हापासून कोणी हाक मारली नाही." आणि थोड्या वेळाने ती म्हणाली, "कागदावर लिहू नकोस हं. इथं आहे, तेवढं पुरे."

म्हणून ते नाव मी येथेही लिहीत नाही.

प्रदर्शनात मी वाकळ कापली नाही, चिकटवली नाही. दोऱ्याच्या फासांनी ती अखंड टांगली. भांड्यांवरून उमटवलेल्या नावांचे कागद एका जाड कापडावर डकवून ते कापड तिच्यामागे भिंतीवर लावले. लांबून पाहणाऱ्याला कडेने दिसणारी ती मोठमोठी नावेच वाचता येत. जवळ येऊन वाकणाऱ्याला कोपऱ्यातील तीन पांढरी अक्षरे दिसत. कलाकृतीखालच्या चिठ्ठीवर मी लिहिले होते : 'हात : पणजी, आजी, चुलत आजी, आत्या आणि मी.'

माझ्या कामाला पारितोषिक मिळाले नाही. परंतु "ही कला, की शिवणकाम?" असे विचारणारा तो मित्र वाकळीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "आमच्याही घरी एक आहे. ती कोणी शिवली, हे मी कधी विचारलंच नाही."

आजीही प्रदर्शन पाहायला आली होती. तिने सर्व चित्रे लक्ष देऊन पाहिली. वाकळीपाशी येताच मी घातलेला कोपरा चाचपला आणि म्हणाली, "दोन टाके सैल आहेत. घरी आणलीस की घट्ट कर."

प्रदर्शन संपल्यावर वाकळ घरी गेली. ते दोन टाके मी घट्ट केले. थंडी पडली, की आजी आजही तीच पांघरते.

शब्दार्थ

खिन्न — उदास. अशोभनीय — न शोभणारे. निवर्तणे — मरण पावणे. विटणे — रंग जाऊन जुने दिसू लागणे. उसवणे — घातलेले टाके काढणे. वस्तुतः — खरे पाहता. नामवंत — प्रसिद्ध. अखंड — न तोडता, सबंध. जाव — नवऱ्याच्या भावाची बायको.

स्वाध्याय

१. वाकळ कशी तयार करतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. झोफानी यांच्या चित्रात दोन स्त्री-सदस्य भिंतीवर का दाखवल्या आहेत?
३. 'ती रागावली असती, तर बरे झाले असते,' असे लेखिकेला का वाटले असावे?
४. 'ती वाचण्याची लिपी मलाच येत नव्हती.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. आजीने वाकळीवर माहेरचे नाव का घातले असेल? चार-पाच वाक्यांत लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : नीटनेटका, अखंड, थक्क होणे, मान खाली जाणे.
७. तुमच्या घरात हाताने केलेली एखादी जुनी वस्तू असल्यास ती कोणी व केव्हा केली, हे वडील माणसांना विचारा आणि ती माहिती वर्गात सांगा.