सील नवे, गळती जुनीच!

गिअर बॉक्समधून ऑइल गळते म्हणून गाडी येते. कारीगर ड्राइव्ह शाफ्टचे ऑइल सील बदलतो, ऑइल भरतो, गाडी देतो. आठ दिवसांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात! मग दुसरे सील, मग महागडे ‘ओरिजिनल’ सील. गळती कायम. गॅरेज लाइनमध्ये आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आहेत, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे. तिसऱ्यांदा गाडी परत आली की मजुरी बुडतेच, गिऱ्हाईकही जाते.

गळते आहे ते नेमके काय, हे आधी पाहावे. इंजिनचे वापरलेले ऑइल काळे असते. मॅन्युअल गिअर बॉक्सचे ऑइल घट्ट, त्याला बहुधा गंधकासारखा उग्र वास. ऑटोमॅटिकचे बहुधा लाल. पण पॉवर स्टिअरिंगचेही पुष्कळ गाड्यांत लालच! क्लच हाउसिंगखालून थेंब पडत असेल तर दोष इंजिनच्या मागच्या सीलचाही असू शकतो. तिथे शाफ्टचे सील दहा वेळा बदलून काय उपयोग?

धावत्या गाडीत वारा ऑइल मागे नेतो, म्हणून थेंब पडतो तिथे मूळ शोधू नये. सारा भाग धुऊन, हवा मारून कोरडा करावा, वर टाल्कम पावडर मारावी आणि दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारून यावी. सर्वांत वर व पुढे जिथे पावडर ओली झाली, मूळ बहुधा तिथेच.

सील निघाले की शाफ्टवर नख फिरवावे. सीलच्या ओठाखाली अडकलेली धूळ शाफ्टला पॉलिश पेपरसारखी घासते आणि खाच पडते. नख अडकले तर नवे सीलही त्याच खाचेत बसणार. अशा वेळी पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावे. नाहीतर तो भाग बदलणे आले. शाफ्ट हाताने हलवूनही पाहावा. बुश किंवा बेअरिंग ढिले असेल तर कोणतेही सील टिकणार नाही. हे गिऱ्हाईकाला काम सुरू करण्यापूर्वी सांगावे. “सध्या फक्त सील टाका” म्हणाला तर बिलावर तसे लिहावे. गाडी आपल्याकडे अमानत असते.

ब्रीदर मात्र बहुतेक जण विसरतात. बॉक्स तापला की आतली हवा फुगते. चिखलाने ब्रीदर बंद असेल तर तोच दाब ऑइल सीलमधून बाहेर ढकलतो. पाच मिनिटांचे हे काम आम्ही सर्वांत आधी करावयास सांगू. जादा भरलेले ऑइलही असाच त्रास देते. लेव्हलचा नट असलेल्या बॉक्समध्ये गाडी सपाट जागी ठेवून भोकाच्या काठापर्यंतच भरावे. एका बाजूला जॅक लावून भरलेले माप चुकते.

सील हातोडीने एका बाजूने ठोकू नये, रुंद पाइपच्या तुकड्याने सरळ दाबावे. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, ओठाला ऑइल लावलेले, आणि शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळलेली असावी. दाते ओठ कापतात. गाडी देताना दोन-तीनशे किलोमीटरनंतर लेव्हल दाखवून जाण्यास सांगावे. ऑइल कमी पडून बेअरिंग गेले तर पूर्ण बॉक्स खोलावा लागतो, आणि तो खर्च सीलच्या कितीतरी पट असतो.