खडकवासल्याचा बांध आणि कामाचा हक्क

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर उभा असलेला खडकवासल्याचा दगडी बांध शहराला पाणी पुरविणारे धरण म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. तो ज्या काळात बांधला गेला, त्या काळाची ओळख मात्र फारशी राहिलेली नाही. सैन्यातील अभियंता फाइफ यांच्या योजनेनुसार १८६८-६९ मध्ये काम सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. मंदी, कर्ज, दंगे आणि दुष्काळ ही संकटे याच अवधीत दख्खनच्या शेतकऱ्यावर एकामागून एक कोसळली.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला व येथील कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो उतरला. तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज मंदीत फेडणे भाग पडले. त्याच सुमारास इंदापूर, भिमथडी या भागांत फेरजमाबंदी होऊन साऱ्यात वाढ झाली. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुन्या खतांवर नवे व्याज चढत राहिले. अखेर १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात रयतेने सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते जाळली. तेथून दंग्यांचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. परंतु त्याच्या शिफारशींवरून कायदा होण्यापूर्वीच, १८७६ मध्ये, पाऊस गेला.

या दुष्काळात सरकारने मोठी कामे काढली. नीरा डावा कालवा दुष्काळी काम म्हणूनच सुरू झाला. दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकामही दुष्काळग्रस्त मजुरांनी केले. ही कामे टिकली व उपयोगी पडली, हे नाकारता येणार नाही. परंतु मजुराच्या बाजूने पाहिल्यास चित्र निराळे दिसते. १८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणाने मजुरी कमी करण्यात आली आणि मजुरांना गावापासून लांबच्या मोठ्या कामांवर पाठविण्याचा आग्रह धरण्यात आला. जो खरोखर उपाशी असेल तोच एवढे कष्ट सोसून येईल, असा त्यामागील हिशेब होता. हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा केली व सरकारपुढे मांडली. सरकारी कागदपत्रांत जेथे केवळ मजुरांच्या संख्या होत्या, तेथे सभेने माणसांची हकीगत आणली. अशा कामाची गरज आजही ग्रामपंचायतीला पडते.

दुष्काळ ओसरल्यावर दोन सुधारणा झाल्या. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. त्यामुळे न्यायालयाला केवळ खतावर विसंबून न राहता मूळ व्यवहार तपासता येऊ लागला आणि कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला व त्यावरून १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. काम पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, एवढे त्यात मान्य झाले. काम मागणे हा मजुराचा हक्क आहे, हे मात्र त्यात नव्हते.

पुढे १९२९ च्या जागतिक मंदीत हाच प्रश्न अमेरिकेलाही पडला. १९३३ मध्ये तेथे कामकऱ्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश बेकार होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वनीकरण, रस्ते, धरणे अशी सार्वजनिक कामे काढली. १९३५ मध्ये वृद्धांचे निवृत्तिवेतन व बेकारी विमा यांचा कायदाही केला. तथापि रोजगाराची कामे मंजूर निधीवर अवलंबून राहिली आणि युद्धकाळात गुंडाळली गेली.

महाराष्ट्राला हे पुढचे पाऊल टाकावयास लावले ते १९७२ च्या दुष्काळाने. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणारे हात, मिलोची भाकरी आणि मुलांसाठी सुकडी ही त्या वर्षाची आठवण खेड्यापाड्यांत अद्याप सांगितली जाते. रस्त्याकडेला साचलेले खडीचे ढीग पाहून पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती अशा कामांकडे वळण्याची निकड पटली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगाला या आपत्तीने राज्यव्यापी रूप दिले. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे खडकवासल्याचे पाणी पिणारा पुण्याचा पगारदारही दूरच्या मजुराच्या कामाचा भागीदार झाला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, ही त्यातील मुख्य तरतूद. लांबच्या कामाची सक्ती करून गरज पारखण्याची जुनी रीत येथे सुटली. २००५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत काम देण्याचे बंधन आले.

खडकवासल्याचा उजवा कालवा मांजरी-हडपसरच्या उसाला पाणी देत पुढे गेला. जेथे खते जळाली, त्या सुपे परिसराला याच कालव्याचे पाणी उपशाने मिळण्यासाठी जनाई-शिरसाई योजनेची वाट पाहावी लागली. मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली. बांधकाम पाणी अडविते, पण ते कोणाच्या शेतात जाईल हे निराळेच ठरते. कामाच्या हक्काचेही तसेच आहे. कायद्यातील १५ दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजावयाचे असतात. तोंडी मागणीला तारीख नसते. आणि ज्या अर्जाची दिनांकित पोच ग्रामपंचायतीतून दिली गेली नाही, त्याचे १५ दिवस कधी सुरूच होत नाहीत.